एका शब्दाची फेरी

नाना शिरगुप्प्यांनी पिशवीतून लाल पटका काढला, झटकला आणि मायाप्पाला म्हणाले, "ती टोपी काढ आणि हा बांध."

मायाप्पा कोळेकरच्या डोक्यावर खताच्या कंपनीने फुकट वाटलेली पिवळी टोपी होती आणि अंगात थोरल्या पोराच्या शाळेचा निळा स्वेटर. त्याने टोपी खिशात कोंबली, स्वेटर काढून बायकोकडे दिला आणि पटका हातात धरून माझ्याकडे बघितलं. दिवाळी नुकतीच झाली होती, आटपाडीच्या माळावर उजाडतानाची थंडी होती. मी मान हलवली. मग त्याने तो बांधला.

त्या पटक्याला परक्या घामाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास यायचा. दर वर्षी तो वेगळ्या धनगराच्या डोक्यावर बसायचा आणि कुणी कधी धुतलेला नव्हता. धुतला तर रंग उतरेल, असं नानांचं म्हणणं. आमच्या छायावर्तुळातल्या माणसांनी देशोदेशीच्या स्पर्धांतून पदकं आणली होती. नीट बघितलं असतं तर पदकं मिळालेल्या त्या सगळ्या फोटोंत एकच पटका दिसला असता. पण नीट बघण्याचा मक्ता नानांकडे होता, आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

छायावर्तुळ म्हणजे सांगलीतल्या फोटोग्राफरांचा गोतावळा. चित्रकार, नाटकवाले आणि चहापुरते येणारे कवी त्यात धरायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. नानांच्या घरी वरच्या मजल्यावर बैठक भरायची. त्या बैठकीत ज्याला जागा मिळाली त्याला कामं मिळायची, कारण दूध संघाचं कॅलेंडर कुणी करायचं, पुण्याच्या प्रकाशकाला कुणाचं नाव सुचवायचं, मुंबईच्या दालनात कुणाच्या फोटोंना भिंत मिळायची, हे सगळं तिथेच चहाच्या कपांवर ठरे. आणि ठरवायचे नाना.

मी त्या बैठकीतली सगळ्यांत नवी आणि एकटी मुलगी. आमच्या तात्यांचा आटपाडीत बाबर फोटो स्टुडिओ होता. पाठीमागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, भिंतीला आरसा आणि खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा. मी लहानपणापासून तिथे लोकांना हनुवटी वर करा म्हणत आलेली. सांगलीला येऊन मी काढलेल्या फोटोंत नानांना आवडले ते आमच्या आरशापुढचेच. फोटो काढून घेण्याआधी केस विंचरणारी माणसं. नानांनी ते फोटो टेबलावर पसरले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "तुला माणूस थांबलेला दिसतो." उजेड कसा बघायचा हे मला त्यांनीच शिकवलं. हे खोटं नाही, म्हणून सांगून टाकते.

आदल्या दिवशी सांगलीहून येताना जीपमध्ये त्यांनी मला पुढे बसवून घेतलं आणि सांगितलं की मुंबईच्या प्रदर्शनात या वेळी एक भिंत नव्या माणसासाठी ठेवली आहे, ती तुझ्या आरशांना द्यायचं माझ्या मनात आहे. पुढच्या बैठकीत जाहीर करू. मी घरी तात्यांना इतकंच म्हणाले होते की बहुतेक होईल, तर त्यांनी बसस्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती भिंत मिळाली तर मी फोटोग्राफर होणार होते. नाही मिळाली तर आईने बघून ठेवलेलं विट्याचं स्थळ होतं, आणि त्यांना सून घरात हवी होती. मधलं काही नव्हतं.

मायाप्पाला तात्यांनीच गाठून दिलं होतं. त्याच्या पोरांचे शाळेचे फोटो आमच्याकडे निघायचे. मेंढरांचे फोटो काढायचेत म्हटल्यावर तो हसला होता. मेंढरांना कशाला फोटो पाहिजे, त्यांना काय शाळेत घालायचंय, असं म्हणाला होता.

आमच्या माणसांनी माळावर कॅमेऱ्यांच्या तिपाया ओळीने लावल्या. उगवतीला सूर्य, त्याच्या पोटात धुळीचा लोट, लोटातून येणारी मेंढरं आणि मागे लाल पटक्याचा धनगर. धूळ आपोआप इतकी उडत नाही, ती उडवावी लागते. त्यासाठी कळप ओढ्याच्या अंगाने पळवत आणायचा, कॅमेऱ्यांपुढून न्यायचा, वळवायचा आणि पुन्हा पळवत आणायचा. नाना हात वर करून ओरडत, "फिरवा!" मायाप्पा तोंडाने हुर्र हुर्र करत मेंढरं फिरवी. त्याची बायको ठकूबाई दुसऱ्या अंगाने काठी घेऊन पळत होती, पण तिने झुडपाआडून पळायचं होतं. तिच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या मीही काढल्या. दृश्य सुंदर होतं, त्याला काही करता येत नाही. मग कळप दमला. मेंढरं तोंडं उघडून धापा टाकू लागली, तशी ओळीतून शाबासकी उठली, कारण तोंडातली वाफ उजेडात दिसायला लागली होती. मायाप्पा माझ्याजवळ आला. पटक्याखालून घामाचा ओघळ कानापर्यंत उतरला होता.

"ताई, आता बास करा म्हनावं. गाभनी हायती त्यात."

मी नानांकडे गेले आणि जसंच्या तसं सांगितलं. नानांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. म्हणाले, "सूर्य आत्ता कुठे जागेवर आलाय. एकच फेरी."

"नाना, गाभण आहेत त्या."

"हेमलता, एकच."

मायाप्पाने माझं तोंड बघितलं आणि तो काय समजायचं ते समजला. तात्यांची, तालुक्याच्या गावच्या फोटोवाल्याची, भीड त्याला पडली असावी. तो गेला आणि त्याने मेंढरं फिरवली. ती एक झाली, मग आणखी एक. त्यातच एक काळ्या तोंडाची मेंढी कळपातून मागे पडली, पुढचे पाय दुमडून खाली बसली आणि आडवी झाली.

ठकूबाई झुडपाआडून निघाली ती सरळ कॅमेऱ्यांपुढून धावत. ओळीतून दोघे-तिघे ओरडले. ती मेंढीपाशी पोहोचली आणि कपाळावर हात मारून घेतला. मेंढी गाभडली होती. पूर्ण अंगाचं कोकरू होतं, ओलं, आकाराने दोन वितींचं, पण दिवस भरलेले नव्हते. मेंढी मान वळवून ते चाटायला लागली.

मला वाटलं, आता सगळं थांबेल. कॅमेरे खाली होतील, कुणीतरी पाणी आणील, नाना मायाप्पाच्या खांद्यावर हात ठेवतील. सगळे धावले खरे. धावता धावता भिंगं बदलत होते.

आमच्यात डॉक्टर मोहिरे होते. सांगलीतले नावाजलेले स्त्रीरोगतज्ज्ञ, अर्ध्या शहराची बाळंतपणं त्यांच्या हातची. ते गुडघ्यावर बसले, दोन बोटं कोकराच्या छातीवर टेकवली आणि म्हणाले, "गेलंय." आवाज अगदी दवाखान्यातला. एवढं म्हणून ते मागे सरकले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"रक्त नको," नाना म्हणाले. "रक्त दिसलं की परीक्षक बाजूला टाकतात."

डॉक्टरांनी पिशवीतून ओल्या कागदी रुमालांचं पाकीट काढलं. पुन्हा गुडघ्यावर बसले आणि कोकराचं तोंड, नाक, मान पुसली. हात सराईत होते. मग नानांनी एक चपटा दगड शोधून आणला आणि कोकराच्या हनुवटीखाली सरकवला, तशी मान वर झाली. मी जन्मभर लोकांना हनुवटी वर करा म्हणत आले होते. मेंढी दगडासकट सगळं चाटत होती.

ठकूबाई मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं, बाई, जरा बाजूला व्हा, साडी नायलॉनची आहे, फोटोत येतेय. ती बाजूला झाली. एवढंच माझ्या लक्षात राहिलं असतं तरी पुरलं असतं.

"हेमलता, चंदेरी पडदा धर," नाना म्हणाले. "डावीकडून. डोळ्याखाली सावली पडतेय."

उजेड परतवण्याचा तो गोल पडदा माझ्याच हातात होता. मी तो जमिनीवर ठेवला.

"धर म्हटलं ना."

"मला नाही जमणार नाना."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. चिडले नाहीत. नवशिकी पोरगी रक्त बघून घाबरली, असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्या कुणीतरी पडदा उचलला, आणि त्या उजेडात ते मेलेलं कोकरू खरोखर जिवंत दिसायला लागलं. नाक चमकलं. मेंढीची जीभ त्याच्या गालावर होती. सगळ्यांचे कॅमेरे खडखडले आणि मग नाना सावकाश उठले, त्यांच्या चेहऱ्यावर जेवण छान झाल्याची तृप्ती होती.

मायाप्पा इतका वेळ मेंढरं आवरत होता. तो आला, त्याने डोक्याचा पटका सोडला, त्यात कोकरू गुंडाळलं आणि ओढ्याच्या दिशेने चालायला लागला. नानांनी खिशातून नोटा काढून ठकूबाईपुढे धरल्या. तिने पदराला हात पुसले, पण नोटा घेतल्या नाहीत. आडवी झालेली मेंढी उठवायला गेली.

जीपमध्ये सामान चढवताना नाना मला म्हणाले, "पटका राहिला बघ. तुझ्या ओळखीचा आहे तो, जाऊन घेऊन ये."

ओढ्याकाठी मायाप्पा हाताने खड्डा उकरत होता. तो जीपजवळूनही दिसत होता. लाल कापड शेजारी होतं.

"तो त्याने पुरायला घेतलाय," मी म्हणाले.

"पुरायला? अरे, तो जुना रंग आहे, आता मिळत नाही तसला." मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "बघा, ही माणसं. सांगून तरी न्यायचा."

परतीच्या वाटेवर सगळा वेळ त्या पटक्याचीच हळहळ चालली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला भिवघाटाच्या वळणावर कळला.

पुढच्या आठवड्यात बैठक होती. खरं तर मी जाऊ नये असं मनात होतं, पण गेले. ती भिंत हवी होती म्हणून गेले. तात्यांनी त्या दिवशी सकाळी फोन करून विचारलं होतं की मुंबईला जाताना कोणती गाडी सोयीची पडेल.

नानांच्या बैठकीची एक रीत होती. पडद्यावर फोटो यायचा, दिवे बंदच ठेवायचे आणि बसल्या क्रमाने प्रत्येकाने त्या फोटोवर एक शब्द बोलायचा. एकच. ज्याला दोन शब्द लागतात त्याने फोटो बघितलेला नाही, असं नाना म्हणत. आणि बोलायचं ते फक्त चौकटीतलं. फोटो कुठे काढला, कसा काढला, कोण होतं, त्या दिवशी काय झालं, यातलं काही उच्चारायचं नाही. चौकटीबाहेरचं बोलणं म्हणजे गावगप्पा. शब्द पटला की अंधारात नाना मान डोलवायचे, आणि ती मान डोलावी म्हणून आम्ही सगळे आठवडाभर शब्द शोधायचो. मीही शोधायचे. या एका शब्दाच्या फेरीचं सांगलीत मोठं कौतुक होतं.

सुरुवातीला इतरांचे फोटो झाले. धूळ, धूळ आणि पुन्हा धूळ. मग नानांचा फोटो आला.

मान वर केलेलं कोकरू. नाकावर उजेड. आईची जीभ गालावर. पाठीमागे सोन्यासारखी धूळ विरत चाललेली. दगड दिसत नव्हता. खाली नानांनी नाव दिलं होतं, 'पहिला श्वास'.

एक नाटकवाल्या बाई त्या दिवशी माळावर नव्हत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पडद्याच्या उजेडात दिसलं. त्यांचं रडणं खरं होतं, आणि मला सगळ्यांत जास्त किळस आली ती त्याची, की त्यांना खरं रडवलं जात होतं.

फेरी सुरू झाली.

"माया," पहिला म्हणाला.

"ऊब."

"कृतज्ञता."

डॉक्टर मोहिरे माझ्या आधीच्या खुर्चीत होते. त्यांनी घसा साफ केला. छातीवर दोन बोटं टेकवून गेलंय म्हणालेला माणूस. वाटलं, हा तरी निदान गप्प बसेल, किंवा उजेडाबद्दल काहीतरी बोलून वेळ मारून नेईल.

"जन्म," डॉक्टर म्हणाले.

नानांनी मान डोलवली.

मग माझी पाळी आली. माझ्याकडे आधीच ठरवलेला शब्द होता. खोटं कशाला बोलू, मी 'उजेड' म्हणणार होते. उजेड म्हटलं असतं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. उजेड चांगलाच होता. शब्द जिभेवर आला आणि त्याबरोबर तो ओला कागदी रुमाल आठवला, नाकाची भोकं पुसणारा.

"मेलेलं," मी म्हणाले.

फोटो पडद्यावर तसाच होता, आणि आता तो शब्द त्याच्या शेजारी बसला होता. त्या बाईंनी डोळ्यांवरचा हात काढला आणि पुढे वाकून बघितलं. त्यांना दिसलं असावं. एकदा सांगितलं की दिसतं. डोळे पुरते मिटलेले नव्हते, आणि त्या फटीत काही नव्हतं.

नाना हळू आवाजात म्हणाले, "हेमलता, चौकटीबाहेरचं बोलायचं नाही, हे तुला ठाऊक आहे."

"चौकटीतलंच आहे नाना. मधोमध."

पुढचा शब्द कुणीतरी घाईघाईने बोललं. फोटो बदलला. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. शेवटी दिवे लागले, चहा आला, आणि मुंबईची नव्या माणसाची भिंत नानांनी धुळीचे फोटो काढणाऱ्या एका मुलाला दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्याने माझ्याकडे बिस्किटांची बशीही सरकवली. मला कुणी जा म्हटलं नाही. फक्त पुढच्या बैठकीचा निरोप आला नाही, आणि मग कॅलेंडर, प्रकाशक, नाटकांच्या तालमी, कुठूनच कुणी बोलावलं नाही. गावात वाळीत टाकायला निदान पंचायत भरवावी लागते. या लोकांना तेवढीही तसदी पडत नाही.

तात्या माझ्यावर इतके कधी चिडले नव्हते. एक शब्द गिळला असतास तर काय झालं असतं, म्हणाले. तोंडात मूग धरून बसणारी माणसंच पुढे जातात, आणि तुला ते मूगही जड झाले. मग मायाप्पाचा धाकटा शाळेच्या फोटोसाठी दुसऱ्या स्टुडिओत गेल्याचं त्यांना कळलं. त्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी मला विचारलं, "पुसलं होतं होय गं त्याचं तोंड?" मी हो म्हटलं. त्यांनी शटर ओढलं. विट्याच्या स्थळाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे माझं चाललं, पण त्या वाटेने नाही. मिरजेच्या एका सतारमेकराला आपल्या सतारींचे फोटो हवे होते. त्याने मला भोपळा कापण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं काढू दिलं, मग त्याच्या भावाने बोलावलं, मग गल्लीने. तिथून हळूहळू लोकांना माझं नाव कळलं. आता सांगलीत माझा स्टुडिओ आहे. भिंतीला आरसा आहे आणि दोरीला कंगवा आहे. 'पहिला श्वास'ला परदेशात सुवर्णपदक मिळाल्याचं मी पेपरात वाचलं. नाना गेले तेव्हा पेपरात त्यांच्या बातमीसोबत तोच फोटो छापला होता. पेपर मी घडी घालून ठेवून दिला आणि मला वाटलं, संपलं.

मागच्या वर्षी आमच्या सुनंदाला दिवस राहिले. सुनंदा माझ्या धाकट्या भावाची बायको. तिची आधी दोन वेळा निराशा झालेली, त्यामुळे यावेळी कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं. असल्या केसला सांगलीत एकच डॉक्टर, सगळे म्हणाले. भावाला त्या दिवशी सुट्टी नव्हती म्हणून तिच्याबरोबर मी गेले. डॉक्टर मोहिऱ्यांच्या दवाखान्यात मी त्यापूर्वी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

वाट बघायच्या खोलीत समोरची अख्खी भिंत त्या फोटोने व्यापली होती.

छापून काचेत बसवलेला. कोकरू आता वासराएवढं मोठं होतं. खाली पितळी पट्टीवर 'पहिला श्वास' आणि नानांचं नाव. त्याच्यासमोर बाकांवर पोटुशा बायका ओळीने बसल्या होत्या, आणि पंखा सोडला तर बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. मी सुनंदाला पाठ फिरवून बसायला सांगणार होते, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"वन्सं, ते बघा की," ती म्हणाली. "मी दर बारीला आले की त्याच्याकडंच बघत बसते. भ्या वाटायचं कमी होतं. आत्ताच जलमलंय न्हवं ते?"

तिचा दुसरा हात पोटावर होता.

"डोळं उघडंल असं वाटतं, बघता बघता. न्हवं? उघडंल न्हवं वन्सं?"

केबिनचं दार उघडलं होतं. डॉक्टर मोहिरे दारात उभे होते, केस पांढरे झालेले, गळ्यात नळी. त्यांनी मला ओळखलं. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं, सुनंदाकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. काय म्हणतेस, असं विचारल्यासारखे ते थांबले.

"उघडंल," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलवली, अगदी नाना डोलवायचे तशी. मी बाहेरच्या दाराकडे वळले. पण सुनंदाने हात घट्ट धरला होता आणि आत जायला आमचाच नंबर होता.